गादी एकच, नावं दोन कशी?

पत्र : वय ४१, काम दिवसभर खुर्चीत बसून. पाच आठवड्यांपूर्वी जमिनीवरचं जड खोकं उचलताना कमरेत उसण भरली. कंबर आठ दिवसांत मोकळी झाली, पण तेव्हापासून उजव्या कुल्ल्यातून निघणारी कळ मांडीच्या आणि नडगीच्या बाहेरच्या अंगाने थेट पायाच्या अंगठ्यापर्यंत जाते, पावलावर मुंग्या येतात. एमआरआयचा रिपोर्ट असा : 'एल४-एल५ गादीचं उजवीकडे प्रोट्रूजन, थीकल सॅकवर आणि नसेवर दाब, एल३-एल४ किरकोळ बल्ज, लंबर लॉर्डोसिस कमी, फॅसेट सांध्यांत सौम्य झीज, डी१२ मध्ये श्मोर्ल नोड, एल५ चं अंशतः सॅक्रलायझेशन.' त्याच फिल्म बघून दुसऱ्या डॉक्टरांनी चिठ्ठीवर मात्र 'एल५-एस१' लिहिलं. घरात सगळे म्हणतात मणका सरकलाय, कुणाकडून तरी बसवून घे. नेमका कोणता मणका गेला? दोघांपैकी चुकलं कोण? ऑपरेशन लागेल का? आणि तोवर कमरेला पट्टा बांधू का?

उत्तर : आधी घरच्यांचं. तुमचा एकही मणका सरकलेला नाही. तो खरंच पुढे सरकला असता तर रिपोर्टात 'लिस्थेसिस' हा शब्द आणि त्याची ग्रेड आली असती. वरचा मणका खालच्या मणक्यावरून पाव भागापर्यंत पुढे आला तर पहिली ग्रेड, अर्ध्यापर्यंत आला तर दुसरी, अशा पाव-पाव टप्प्यांनी चार ग्रेड मोजतात. तुमच्या रिपोर्टात त्याचा मागमूस नाही. जागेवरून हललंय ते दोन मणक्यांमधल्या गादीतलं द्रव्य, आणि तेही मिलिमीटरमध्ये मोजावं इतकं. ते बाहेरून दाबून किंवा कंबर पिळून आत जात नाही. 'बसवताना' कडकन आवाज येतो तो सांध्यातल्या द्रवात वायूचा बुडबुडा तयार झाल्याचा. पायात कळ उतरलेली असताना कंबर झटक्याने पिळून घेणं टाळाच.

आता दोन नावांचं कोडं. यात बहुधा चुकलं कुणीच नाही. दोघांनी एकाच गादीकडे बोट दाखवलंय. मोजायला सुरुवात वेगवेगळ्या टोकांनी केली एवढंच. याला कारण तुमच्या रिपोर्टातली ती शेवटची ओळ, जिच्याबद्दल तुम्ही काहीच विचारलेलं नाही : एल५ चं सॅक्रलायझेशन.

पुस्तकातला कणा असा मोजतात : मानेचे ७ मणके, छातीचे १२, कमरेचे ५, मग ५ मणके जुळून झालेली त्रिकास्थी आणि टोकाला साधारण ४ बारक्या मणक्यांचं माकडहाड. एकूण ३३, त्यांतले सुटे, हलणारे २४. रिपोर्टात मानेच्या मणक्यांना सी, छातीच्या मणक्यांना डी किंवा टी, कमरेच्या मणक्यांना एल आणि त्रिकास्थीला एस लिहितात. गादीला वेगळा क्रमांक नसतो. ती ज्या दोन मणक्यांमध्ये आहे त्यांचीच नावं तिला लागतात. गाद्या २३ आहेत. कवटी आणि पहिला मणका यांच्यामध्ये गादी नसते, पहिल्या-दुसऱ्या मणक्यामध्येही नसते. पहिली गादी सी२-सी३ ची आणि शेवटची एल५-एस१ ची.

प्रत्यक्षात मात्र सीमेवरचे मणके हा नियम सगळ्यांच्या बाबतीत पाळत नाहीत. कुणाच्या पहिल्या कंबर-मणक्याला छोटी बरगडी फुटलेली असते, कुणाला बाराव्या बरगड्या जेमतेम असतात, कुणाच्या त्रिकास्थीचा पहिला मणका सुटा राहून कमरेला सहा मणके दिसतात. तुमच्यात उलटं झालंय. शेवटच्या कंबर-मणक्याचे आडवे फाटे जन्मतःच रुंद होऊन खालच्या त्रिकास्थीला टेकलेत किंवा काही अंशी जुळलेत. हा आजार नाही, घडण आहे, आणि ती बऱ्याच जणांत असते. पण तिचे दोन परिणाम होतात. जुळलेल्या मणक्याखालची गादी अर्धवट वाढलेली, चपटी असते आणि तिथे हालचाल फारशी होत नाही, म्हणून ती सहसा फुगतही नाही. तिथे न झालेली हालचाल वरच्या गादीच्या वाट्याला येते. तुमच्यात ती वरची गादी म्हणजे एल४-एल५.

कमरेच्या एमआरआयच्या फिल्मवर साधारण डी११ किंवा डी१२ पासून खालचा भागच असतो. मान दिसत नाही. अशा फिल्मवर डोळ्यांना शेवटची म्हणून जी पूर्ण, जाड गादी दिसते तिला सवयीने एल५-एस१ म्हटलं जातं. दुसऱ्या डॉक्टरांनी बहुधा तेच केलं. रेडिओलॉजिस्टने बहुतेक वरून मोजलं असणार किंवा एल५ पासून कंबरेच्या हाडाकडे जाणारा अस्थिबंध शोधून क्रमांक ठरवला असणार. खात्रीची पद्धत एकच, दुसऱ्या मानेच्या मणक्यापासून खाली एकेक मोजत येणं. सी२ ओळखायला सोपा, कारण त्याच्या डोक्यावर दातासारखा खुंट असतो आणि तो दुसऱ्या कुठल्याही मणक्याला नसतो. पुष्कळ ठिकाणी कमरेच्या तपासणीबरोबर संपूर्ण कण्याचं एक झटपट चित्र घेतलेलं असतं. ते सीडीत सापडतं, छापील फिल्मवर असेलच असं नाही. रेडिओलॉजिस्टला जाऊन इतकंच विचारा : मोजणी कुठून केली, आणि तसं रिपोर्टात एका ओळीत लिहून द्याल का? ही ओळ आज तुमच्या दुखण्यात काही फरक पाडणार नाही. पण पुढे कधी इंजेक्शन घ्यायची किंवा ऑपरेशनची वेळ आली तर चुकीच्या पातळीवर सुई किंवा हत्यार जाऊ नये म्हणून हीच ओळ कामाला येते.

पाठीवर हात फिरवून हा वाद मिटेल असं समजू नका. खुणा आहेत, पण ढोबळ. मान पुढे वाकवल्यावर सगळ्यात वर आलेला उंचवटा बहुधा सी७ चा (कुणात डी१ चा). खांद्याच्या पात्याचं खालचं टोक साधारण डी७ च्या रेषेत. कंबरेच्या हाडांचे दोन्ही बाजूंचे वरचे कंगोरे जोडणारी रेषा एल४ वरून किंवा एल४-एल५ वरून जाते, आणि कुल्ल्यांवरच्या दोन खळग्या एस२ च्या पातळीला. शेवटच्या दोन खुणा तुमच्यासारख्या घडणीत एका मणक्याने चुकू शकतात. शिवाय हाताला लागतो तो मणक्याचा मागचा काटा. छातीच्या मधल्या मणक्यांचे काटे इतके तिरपे खाली उतरतात की काट्याचं टोक खालच्या मणक्यावर येतं. त्यामुळे 'इथे दाबलं की दुखतं' म्हणजे त्याच क्रमांकाच्या मणक्यात दोष, असं नसतं.

तुम्हाला खरं कळायला हवं ते नसेचं गणित. कारण फिल्मवर दिसलेलं आणि पायात जाणवणारं जुळतं का, यावरच पुढचा सगळा निर्णय अवलंबून आहे.

एक मणका हातात धरलाय असं समजा. पुढे भरीव गोलसर खोड. वजन पेलतं ते हे. खोडाच्या मागच्या बाजूला वरच्या अंगाला दोन आखूड जाड खांब निघतात. खांबांना जोडून मागे दोन पट्ट्या येतात आणि मध्यभागी मिळतात. खोड, खांब आणि पट्ट्या यांनी वेढलेली पोकळी म्हणजे मज्जारज्जूचा मार्ग. पट्ट्या मिळतात तिथून मागे काटा, दोन्ही बाजूंना आडवे फाटे, आणि वर दोन, खाली दोन असे चार छोटे सांध्याचे भाग. रिपोर्टात 'फॅसेट' लिहिलंय ते हेच सांधे. कमरेत त्यांचे पृष्ठभाग जवळपास उभे आणि समोरासमोर असतात, म्हणून कंबर पुढे-मागे छान वाकते, पण वळण्यासाठी दर पातळीला जेमतेम एक-दोन अंश सुटतात. पाठ वळते ती मुख्यतः छातीच्या मणक्यांत. मानेत तर वळण्याची निम्मी हालचाल एकट्या सी१-सी२ मध्ये होते.

एकावर एक दोन मणके ठेवले की दोघांच्या खांबांमध्ये बाजूला एक खिडकी तयार होते. तिच्या पुढच्या कडेला गादी, मागच्या कडेला फॅसेट सांधा. नस याच खिडकीतून बाहेर पडते. मेख अशी की कमरेत नस खिडकीच्या वरच्या भागातून, आपल्याच मणक्याच्या खांबाला बिलगून निघते. म्हणजे एल४ ची नस एल४-एल५ च्या खिडकीतूनच जाते, पण गादीची पातळी येण्याआधीच बाहेर पडलेली असते. गादीच्या मागून त्या वेळी खाली चाललेली असते ती एल५ ची नस. म्हणून एल४-एल५ ची गादी मागे-बाजूला फुगली की दबते एल५, आणि एल५-एस१ ची फुगली की एस१. अपवाद एकच. गादी अगदी बाहेरच्या बाजूला, खिडकीतच फुगली तर वरची, बाहेर पडणारी नस सापडते.

(मानेतही दबते खालच्याच क्रमांकाची नस, सी५-सी६ च्या गादीने सी६. पण तिथलं कारण वेगळं आहे. मानेचे मणके सात असले तरी नसांच्या जोड्या आठ असतात आणि पहिल्या सात आपापल्या मणक्याच्या वरून निघतात. आठवी सी७ आणि डी१ च्या मधून निघते, आणि तिथून पुढे सगळ्या आपल्या मणक्याच्या खालून.)

आता तुमची कळ. नडगीचं बाहेरचं अंग, पावलाचा वरचा भाग, अंगठा. हा नकाशा एल५ चा. एस१ दबली असती तर कळ पोटरीच्या मागून टाच, पावलाची बाहेरची कड आणि करंगळीकडे गेली असती. एल४ दबली असती तर मांडीचा पुढचा भाग, गुडघा आणि नडगीचं आतलं अंग. म्हणजे तुमची लक्षणं रेडिओलॉजिस्टच्या क्रमांकाशी जुळतात. सॅक्रलायझेशन असलेल्यांत नसांची वाटणीही कधी एका पायरीने वर-खाली असते, म्हणून याला शंभर टक्के पुरावा म्हणत नाही. पण गादी उजवीकडे, कळ उजवीकडे, आणि नसही अपेक्षित तीच. चित्र जुळतंय.

नसेची ताकद घरी बघता येते आणि ती आठवड्यातून दोनदा बघाच. भिंतीजवळ उभे राहा, म्हणजे तोल गेला तर आधार मिळेल. आधी टाचांवर दहा पावलं चाला, चवडे वर उचलून. उजवा चवडा डाव्यापेक्षा खाली पडत असेल तर एल५ (काही अंशी एल४) कमजोर. मग खुर्चीत बसून दोन्ही पायांचे अंगठे वर ओढा आणि कुणालातरी बोटाने खाली दाबायला सांगा. उजवा अंगठा सहज खाली जातो का बघा. ही एल५ ची सगळ्यात नेमकी परीक्षा. त्यानंतर एका पायावर उभं राहून टाच उचला, सलग दहा वेळा, दोन्ही पायांनी वेगवेगळं. उजवीकडे पाच-सहाला दम संपत असेल तर एस१ कडे संशय जातो. निकाल तारखेसकट लिहून ठेवा. दुखण्याचं माप दिवसागणिक बदलतं आणि फसवतं. ताकदीचं माप फसवत नाही. वेदनेमुळे जोर लावता येत नाही आणि नस कमजोर झाल्याने जोर लागतच नाही, यातला फरक मात्र डॉक्टरांकडूनच तपासून घ्या.

पुढचं काही झालं तर पत्र लिहीत बसू नका, त्याच दिवशी, रात्र असली तरी, मोठं रुग्णालय गाठा : लघवी अडणं किंवा मूत्राशय भरल्याचं न कळणं, शौचावर ताबा न राहणं, जांघेत आणि गुदद्वाराभोवती म्हणजे सायकलच्या सीटला जो भाग टेकतो तिथे बधिरपणा, दोन्ही पायांत कळ किंवा कमजोरी. कारण समजून घ्या. प्रौढांत मज्जारज्जू एल१-एल२ च्या आसपासच संपतो. त्याखाली पोकळीत असतो तो सुट्या नसांचा घोड्याच्या शेपटीसारखा झुपका, आणि मूत्राशय-गुदाच्या नसा त्यातूनच खाली जातात. गादीचा मोठा तुकडा मधोमध मागे आला तर हा सगळा झुपका चिरडतो. तिथे तासांनी फरक पडतो, औषध घेऊन सकाळपर्यंत वाट बघायची सोय नाही. पाऊल लुळं पडून चालताना चवडा जमिनीवर आपटायला लागला तर तेही तातडीचं, एक-दोन दिवसांत दाखवायचं. पाठदुखीबरोबर ताप, विनाकारण वजन घटणं, पूर्वी झालेला कर्करोग, दीर्घकाळ स्टिरॉइड घेणं किंवा पडझड झालेली असेल तर तपासाची दिशाच बदलते, म्हणून ते डॉक्टरांना न विचारता सांगा.

आता गादी. बाहेरची कडी तंतूंच्या १५ ते २५ थरांची. एका थरातले तंतू एकीकडे तिरपे, पुढच्या थरातले उलट दिशेला. आत पाणीदार गर. तरुणपणी त्यात ८० टक्क्यांहून जास्त पाणी. गादीच्या वर आणि खाली कूर्चेचा पातळ पापुद्रा. प्रौढ गादीच्या आत रक्तवाहिन्या नसतात. पाणी आणि अन्न त्या पापुद्र्यांतून झिरपत येतं, म्हणून गादीची दुरुस्ती संथ चालते. रात्री आडवं पडल्यावर गादी पाणी शोषून फुगते, दिवसभर भाराने ते पिळून निघतं. याच कारणाने सकाळी आपण संध्याकाळपेक्षा एखादा सेंटिमीटर उंच असतो. तुमच्यासाठी यातला कामाचा भाग हा की झोपून उठल्यावर पहिला अर्धा-पाऊण तास गादी तट्ट असते. त्या वेळात खाली वाकून काही उचलू नका, पायात मोजे घालायला दुमडू नका, पाय पोटाशी घेण्याचे व्यायाम करू नका. उठा, चाला, मग वाका.

गर बाहेर येतो तो जवळजवळ नेहमी मागे आणि एका बाजूला. मणक्यांच्या पुढून जाणारा लांब अस्थिबंध रुंद आणि भक्कम आहे. मागून जाणारा कमरेत अरुंद होत जातो आणि गादीच्या मागच्या कोपऱ्यांना पुरेसं झाकत नाही. पुढे वाकून, कंबर किंचित वळलेली असताना उचललेलं जड खोकं गर नेमका त्या कोपऱ्याकडे ढकलतं. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोजणीत एका निरोगी माणसाच्या एल४-एल५ गादीत थेट दाबमापक बसवला होता. आडवं असताना दाब ०.१ मेगापास्कल, उभं असताना ०.५. वीस किलो वजन पाठ वाकवून उचललं तेव्हा २.३, तेच गुडघ्यांत वाकून उचललं तेव्हा १.७. माणूस एकच होता, म्हणून दशांशांवर हटून बसू नये, पण आकड्यांची चढण बोलकी आहे. आणखी एक, आधाराशिवाय बसल्यावरचा दाब उभं असतानाच्या जवळपासच होता. तेव्हा 'खुर्चीनेच गादी गेली' हा आरोप तितकासा टिकत नाही. खुर्चीचा दोष तासन्‌तास एकाच स्थितीत ठेवण्याचा.

रिपोर्टातल्या शब्दांना पायऱ्या असतात. बल्ज म्हणजे गादी घेराच्या पाव भागाहून जास्त अंतरात सरसकट बाहेर आलेली. हिला हर्निएशन म्हणतही नाहीत. प्रोट्रूजन म्हणजे एका ठिकाणी बाहेर आलेली, पण बुडाशी रुंद. एक्स्ट्रूजन म्हणजे बुडापेक्षा टोक मोठं, गर कडी फोडून निघालेला. सिक्वेस्ट्रेशन म्हणजे तुकडा सुटून वेगळा पडलेला. ऐकायला शेवटचं सगळ्यात भयंकर, पण गंमत अशी की सुटलेला किंवा बराच बाहेर आलेला गर शरीर परका समजून शोषून टाकतं, आणि तो साध्या बल्जपेक्षा जास्त वेळा आटतो. तुमचं प्रोट्रूजन आहे. 'थीकल सॅकवर दाब' म्हणजे नसांभोवतीच्या द्रवाच्या पिशवीला खळगा पडलाय. एवढ्यावरून आतल्या नसा चिरडल्या असं होत नाही. नसेवरचा दाब मात्र तुमच्या कळीशी जुळतो, म्हणून तो खरा धरायचा.

बाकीच्या ओळींनी झोप उडवून घेऊ नका. २०१५ साली ३३ अभ्यास एकत्र करून, कंबर अजिबात न दुखणाऱ्या ३,११० लोकांच्या तपासण्या मांडल्या गेल्या. चाळिशीच्या, कसलाही त्रास नसलेल्या लोकांत निम्म्यांच्या गादीला बल्ज होता आणि ६८ टक्क्यांत गादीची झीज. तेव्हा एल३-एल४ चा किरकोळ बल्ज आणि फॅसेटची सौम्य झीज तुमच्या वयाला धरून आहे. श्मोर्ल नोड म्हणजे गादीचा गर वरच्या किंवा खालच्या मणक्याच्या खोडात थोडा रुतलेला. बहुतेकदा जुना आणि मुका असतो, आणि डी१२ मधल्या नोडचा अंगठ्यातल्या मुंग्यांशी संबंध नाही. 'लॉर्डोसिस कमी' वाचून लोक घाबरतात. कमरेचा पुढे जाणारा बाक सरळ झालाय एवढाच त्याचा अर्थ. एमआरआय आडवं झोपवून, बहुधा गुडघ्यांखाली उशी देऊन काढतात. तसं झोपलं की कुणाचाही बाक थोडा उतरतो. त्यात दुखण्याने स्नायू आखडलेले. उभ्याने काढलेला एक्स-रे नसेल तर या ओळीला किंमत देऊ नका.

ऑपरेशन. मूत्राशयाची किंवा वाढत्या कमजोरीची लक्षणं नसतील तर आज त्याचा विषय नाही. अशा कळीत बहुतेकांना सहा ते बारा आठवड्यांत बराच उतार पडतो, आणि तुमचे पाच झालेत. बारा आठवड्यांनंतरही कळ झोपू देत नसेल, किंवा अंगठ्याची ताकद घटत असेल, तर सर्जनला भेटा. त्या ऑपरेशनमध्ये साधारणपणे नसेवर आलेला गादीचा भागच काढतात, पूर्ण गादी नाही. पायाची कळ त्याने लवकर थांबते; कंबरदुखीसाठी ते ऑपरेशन नव्हे. नसेभोवती स्टिरॉइडचं इंजेक्शन हा मधला पर्याय आहे, काही आठवड्यांचा आराम मिळवून देणारा. लक्षणं बदलली नसतील तर पुन्हा एमआरआय काढू नका.

तोवर काय कराल? अंथरूण धरू नका. फार दुखलं तर एखाद-दुसरा दिवस, त्याहून जास्त नाही. सपाट जागी दहा मिनिटं चाला, दिवसातून चार-पाच वेळा, आणि कळ वाढली नाही तर दर दोन-तीन दिवसांनी दोन मिनिटं वाढवा. खुर्चीतून दर अर्ध्या तासाने उठा. खालची वस्तू घेताना कमरेत दुमडू नका, खुब्यात वाका : कुल्ले मागे ढकला, गुडघे सैल, वस्तू पोटाजवळ. वळायचं असेल तर पावलं वळवा. कुशीवर झोपताना गुडघ्यांमध्ये उशी.

पालथं झोपून कोपरांवर छाती उचलून एक-दोन मिनिटं थांबण्याचा प्रयोग करून बघा. त्याने कळ अंगठ्यातून नडगीत, नडगीतून मांडीत अशी वर सरकत असेल तर कंबर थोडी जास्त दुखली तरी ती चांगली खूण आहे. दिवसातून पाच-सहा वेळा करा. उलट कळ आणखी खाली उतरत असेल किंवा मुंग्या वाढत असतील तर लगेच सोडा आणि फिजिओथेरपिस्टकडून आपली दिशा ठरवून घ्या, कारण काहींना पुढे वाकल्याने आराम पडतो, मागे वाकल्याने नाही. पाय सरळ ठेवून अंगठे पकडण्याचा व्यायाम सध्या बंद. लोक त्याला 'शीर मोकळी करणं' समजतात, पण दुखावलेली नस अशा ताणाने आणखी चिडते.

पट्टा बांधा, पण प्रवासात किंवा नाइलाजाने काही उचलायचं असेल तेव्हा, दिवसाला एक-दोन तास. तो गादी आत ढकलत नाही. वाकायला अडवतो आणि आठवण करून देतो, इतकंच. रात्री काढून झोपा, आणि टाचांवर नीट चालता येऊन कळ गुडघ्याच्या वर आली की कपाटात ठेवून द्या.